पडद्यावरची क्षेत्रभेट : लेणी, संग्रहालये आणि पाहण्याचे शिक्षण

महाराष्ट्रात २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाविषयी एक पाठ आहे आणि त्यात पॅरिसचे लूव्र, लंडनचे ब्रिटिश म्युझियम व अमेरिकेतील वॉशिंग्टनचे नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयांचा थोडक्यात परिचय करून दिलेला आहे. त्याच इयत्तेच्या भूगोलाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, म्हणजे प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन, पाहून, नोंदी घेऊन शिकण्याच्या पद्धतीचा आहे. एक पुस्तक विद्यार्थ्याला सांगते की जगात अशी अशी स्थळे आहेत, आणि दुसरे सांगते की स्थळ जाऊन पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. परंतु पॅरिस किंवा वॉशिंग्टन तर दूरच, मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या आतल्या गावातील मुलाला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयसुद्धा शालेय वयात पाहायला मिळेल याची खात्री नसते. आभासी क्षेत्रभेट, म्हणजे संगणकाच्या, भ्रमणध्वनीच्या किंवा भिंतीवर टाकलेल्या प्रक्षेपकाच्या पडद्यावरून घडवलेली संग्रहालयाची वा स्मारकाची भेट, ही या अडचणीवरची सोय म्हणून शाळांत आली आणि २०२० च्या महासाथीत, जगभरची बहुतेक संग्रहालये बंद असताना, ती सर्वांच्या परिचयाची झाली.

या सोयीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार पडद्यावर सारे जग आले असल्यामुळे सहलीची गरजच उरलेली नाही, तर दुसऱ्या मतानुसार पडद्यावरची भेट ही खऱ्या भेटीची फिकट नक्कल असून तिच्यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. दोन्ही मतांत एक समान चूक आहे. दोन्ही मते पडद्यावरच्या भेटीला पायी केलेल्या भेटीच्या मापाने मोजतात, आणि मग एकाला ते माप पुरे पडल्यासारखे वाटते, दुसऱ्याला अपुरे. शिक्षकाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त प्रश्न निराळा आहे : अशी कोणती स्थळे आणि अशा कोणत्या वस्तू आहेत, की ज्या प्रत्यक्ष तेथे उभ्या असलेल्या माणसालाही नीट दिसत नाहीत आणि पडद्यावर मात्र दिसतात? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आभासी भेटीचे खरे सामर्थ्य कोठे आहे आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, हे दोन्ही उलगडू लागते.

वर्गात बसून दूरचे स्थळ पाहण्याची कल्पना संगणकाइतकी नवी नाही. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्टिरिओस्कोप या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाचे दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवून खोलीचा अनुभव निर्माण करतो. त्याच तत्त्वावर, थोड्या अंतराने घेतलेली दोन चित्रे दोन डोळ्यांपुढे स्वतंत्रपणे धरली की सपाट कागदावरचे दृश्य खोल दिसू लागते. पुढे छायाचित्रणाची जोड मिळाल्यावर अमेरिकेतील अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीने अशा जोडचित्रांचे देशवार संच विकायला काढले. त्यांपैकी भारतावरच्या संचात शंभर दृश्ये होती आणि ती जेम्स रिकल्टन या शिक्षकी पेशातून छायाचित्रणाकडे वळलेल्या प्रवाशाने टिपली होती. या संचांबरोबर एक पुस्तक आणि नकाशे असत. प्रत्येक दृश्य कोणत्या जागेवरून, कोणत्या दिशेला तोंड करून आणि किती विस्तारात घेतले आहे हे नकाशावर क्रमांकासह रेषा काढून दाखवलेले असे. पाहणाऱ्याने आधी नकाशावर आपली जागा ठरवायची, मग दृश्य पाहायचे आणि मग पुस्तकातला मजकूर वाचायचा, अशी ती पद्धत होती. आजच्या अनेक आभासी सफरींत चित्र शतपटींनी सुस्पष्ट असूनही ‘आपण नेमके कोठे उभे आहोत’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे लक्षात घेतले तर त्या जुन्या संचांमागचा शैक्षणिक विचार किती पक्का होता हे जाणवते. पेनसिल्व्हेनियातील कीस्टोन व्ह्यू कंपनीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी खास शाळांसाठी असे मोठे संच तयार केले आणि ते अमेरिकेतील वर्गांत दीर्घकाळ वापरले गेले.

दुसरा टप्पा दूरदर्शन व उपग्रहाचा. १९८५ साली टायटॅनिक जहाजाचे अवशेष शोधणाऱ्या मोहिमेचे एक प्रमुख, सागरशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅलर्ड यांच्याकडे शाळकरी मुलांची हजारो पत्रे आली आणि त्या उत्सुकतेला प्रतिसाद म्हणून त्यांनी जेसन प्रकल्प सुरू केला. १९८९ च्या पहिल्या मोहिमेत भूमध्य समुद्राच्या तळाशी फिरणाऱ्या यंत्राने टिपलेली दृश्ये उपग्रहामार्फत अमेरिका व कॅनडातील संग्रहालयांत जमलेल्या विद्यार्थ्यांना त्याच क्षणी दाखवली गेली. शास्त्रज्ञ स्वतःही त्या मोहिमेत समुद्रतळाशी उतरत नव्हते. तेही जहाजावर बसून पडदाच पाहत होते. म्हणजे येथे विद्यार्थ्याला मिळालेले दर्शन शास्त्रज्ञाच्या दर्शनाहून कनिष्ठ नव्हते.

आजच्या आभासी भेटीमागे मुख्यतः तीन तंत्रे असतात. पहिले सर्वदिशादर्शी छायाचित्राचे : एका जागी कॅमेरा फिरवून चारही बाजूंची, वरची व खालची छायाचित्रे घेतात आणि ती संगणकात जोडून एक पूर्ण गोल तयार करतात. हा गोल सपाट पडद्यावर आणताना, मोसंबीची साल सोलून टेबलावर पसरावी तशी, काही ताण व विकृती येतेच. संगणक पाहणाऱ्याला गोलाचा एकच तुकडा एका वेळी दाखवून ती विकृती झाकतो. २०११ साली १७ संग्रहालयांच्या सहभागाने सुरू झालेला गुगलचा कलाप्रकल्प याच तंत्राने दालने दाखवू लागला. या तंत्राची अडचण अशी की पाहणाऱ्याला कॅमेरा जेथे ठेवला होता तेथेच उभे राहता येते. वस्तूच्या मागे जाता येत नाही.

दुसरे तंत्र अतिसूक्ष्म छायाचित्रणाचे. डिजिटल चित्र ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते त्यांना पिक्सेल म्हणतात आणि शंभर कोटी पिक्सेल म्हणजे एक गिगापिक्सेल. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांच्या १६४२ मधील ‘द नाइट वॉच’ या चित्राची ८,४३९ छायाचित्रे एकत्र जोडून ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२ साली सर्वांसाठी खुली केली. मूळ चित्र सुमारे साडेचार मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच आहे, तर या प्रतिमेतला प्रत्येक ठिपका चित्रातील पाच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग दाखवतो. संग्रहालयात चित्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला रंगाच्या थरातील तडा, कुंचल्याचा फटकारा आणि रंगद्रव्याचा कण इतक्या जवळून पाहता येणे शक्यच नाही.

तिसरे तंत्र त्रिमितीय मापनाचे. त्यात एकाच वस्तूची अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे ताडून संगणक तिचा आकार उभा करतो, किंवा लेसर किरण वस्तूवर आपटून परत येण्याचे मापन करून तिच्या पृष्ठभागावरील कोट्यवधी बिंदूंची जागा नोंदवली जाते. गुजरातमधील पाटण येथील राणी की वाव या भव्य विहिरीचे असे लेसर मापन स्कॉटलंडच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये केले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मापन कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास अब्जाहून अधिक बिंदूंनी केले होते. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छत व मनोरा नष्ट झाल्यावर ती नोंद मोलाची ठरली. एका प्राध्यापकाने अभ्यासासाठी केलेले काम अशा रीतीने जतनाच्या कामी आले.

प्रत्यक्ष भेटच जेथे अशक्य झाली आहे असे सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्समधील लास्को गुहेचे आहे. दोर्दोन्य भागातील मोंतिन्याक गावाजवळ १२ सप्टेंबर १९४० रोजी चार किशोरवयीन मुले या गुहेत उतरली आणि सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी रंगवलेले बैल, घोडे आणि हरणे उजेडात आली. १९४८ मध्ये गुहा जनतेला खुली झाली आणि काही वर्षांतच तेथे दिवसाला हजाराहून अधिक लोक येऊ लागले. हजारो वर्षे बंद राहिलेल्या त्या जागेतील हवेचा समतोल माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडने, अंगच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडला. भिंतींवर हिरवे शेवाळ धरू लागले आणि चुनखडीचे पांढरे स्फटिक चित्रांवर साचू लागले. १९६३ साली तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. पुढे १९८३ मध्ये जवळच गुहेच्या दोन दालनांची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली, २०१६ मध्ये जवळजवळ संपूर्ण गुहेची प्रतिकृती तयार झाली आणि फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाने संकेतस्थळावर गुहेची आभासी सफर खुली केली.

लास्कोच्या बाबतीत नक्कल पाहू नका, मूळच पाहा, असे सांगायची सोयच राहिलेली नाही. मूळ गुहेला माणसाची नजर चालते, पण श्वास चालत नाही. पॅरिसमधला विद्यार्थी आणि परभणीतला विद्यार्थी या गुहेच्या बाबतीत जवळजवळ एकाच रांगेत उभे आहेत, कारण दोघांनाही मूळ भिंतीपाशी जाता येणार नाही. फ्रान्समधल्या मुलाला एवढेच अधिक की त्याला प्रतिकृतीत फिरता येते. ही गोष्ट आपल्याकडच्या शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी, कारण पाहायला जाण्यानेच वस्तू नष्ट होऊ शकते हा जतनशास्त्रातला मूलभूत धडा तिच्यात आहे.

तोच धडा महाराष्ट्राच्या अधिक जवळ आहे तो अजिंठ्यात. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली ही सुमारे तीस लेणी एप्रिल १८१९ मध्ये मद्रास पलटणीतील जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली आणि त्यानंतर युरोपीय जगाला ती ठाऊक झाली. येथील चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडकावर माती, भुसा, गवत यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि तो सुकल्यावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. त्यामुळे ओल, कीटक, वटवाघळे आणि माणसांचा स्पर्श यांपुढे ती फार नाजूक ठरतात. कॅप्टन रॉबर्ट गिल यांना १८४४ साली या चित्रांच्या प्रती करण्याच्या कामी नेमण्यात आले आणि त्यांनी अनेक वर्षे तेथे राहून मोठ्या आकाराच्या तैलप्रती तयार केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रती करायला घेतल्या, आणि त्यांपैकीही बऱ्याच लंडनमध्येच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. प्रती करताना रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले गेले, ते कालांतराने काळवंडले आणि चित्रांच्या दुखण्यात भर पडली. त्यानंतर निजामाच्या राज्यात इटालियन तज्ज्ञांकडून झालेले जतन, गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झालेले चार भागांचे सचित्र ग्रंथ, विसाव्या शतकाच्या अखेरीस बिनॉय बहल यांनी प्रखर दिव्यांशिवाय, अगदी मंद प्रकाशात केलेले छायाचित्रण, नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांचे डिजिटल पुनःस्थापनेचे काम, ही सारी एकाच प्रयत्नाची पुढची पावले आहेत : चित्र भिंतीवरून हलवता येत नाही, भिंत फार लोकांना सहन होत नाही, तेव्हा चित्राला भिंतीबाहेर कसे न्यावे.

अजिंठ्यास जाऊन आलेल्या कोणालाही हे मान्य होईल की पहिल्या किंवा सतराव्या लेण्यात शिरल्यावर प्रथम दिसतो तो अंधार. उजेड येतो तो समोरच्या दारा-खिडक्यांतून; चित्रे जपण्यासाठी कृत्रिम प्रकाश मंद ठेवलेला असतो, कॅमेऱ्याच्या झोताला मनाई असते आणि मागून लोक येत असल्यामुळे एका भिंतीपुढे फार वेळ थांबता येत नाही. शाळेची सहल असेल तर चाळीस-पन्नास मुलांतल्या मागच्या मुलाला पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातले कमळ दिसेलच असे नाही. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा रंगवलेली आहे. सर्वस्व दान करणाऱ्या, अखेर आपली मुलेही देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची ती कथा. या लेण्यांतील कथाचित्रांत प्रसंग नेहमी आधीचा आधी आणि नंतरचा नंतर असे मांडलेले नसतात. पुष्कळदा ते स्थळानुसार एकत्र येतात, राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे, आणि तीच व्यक्ती एका चित्रात अनेकदा भेटते. ही रचना कळायला भिंतीपुढे अर्धा तास बसून बोट फिरवावे लागेल, आणि तेवढी मुभा तेथे कोणालाच मिळत नाही. पडद्यावर ती मिळते. राजपुत्र कोठे कोठे दिसतो हे शोधा, असे सांगून चित्र मुलांच्या हाती दिले की तीच मुले कथाकथनाचे एक प्राचीन भारतीय तंत्र स्वतः शोधून काढू शकतात.

आणखी एक अभ्यास तर प्रत्यक्ष लेण्यात करणे शक्यच नाही. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या आणि आगीतून वाचलेल्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून त्यांच्या प्रतिमा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एखाद्या प्रसंगाची ती जुनी प्रत आणि त्याच प्रसंगाचे आजचे छायाचित्र पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले, तर दीडशे वर्षांत गिलाव्याचा कोणता भाग गळून पडला, कोणता चेहरा पुसट झाला, आणि कोणत्या ठिकाणी प्रत करणाऱ्याने आपल्या समजुतीने रेषा पुरी केली असावी, याची चर्चा आठवीतली मुलेसुद्धा करू शकतात. इतिहासाचे साधन म्हणजे काय, त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा या तुलनेतून अधिक खोलवर समजते. दहाव्या लेण्यातील एका खांबावर जॉन स्मिथने कोरलेले नाव आज माणसाच्या डोक्याहून उंच आहे. ते इतक्या वर कसे, हा प्रश्न मुलांना विचारावा. लेण्यात तेव्हा माती-दगडांचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता, हे उत्तर बहुतेक वर्गांत एखादे मूल तरी देईल, आणि त्या एका उत्तरात पुरातत्त्वाची विचारपद्धती सामावलेली असेल.

असे असूनही पडदा एक गोष्ट देऊ शकत नाही, आणि ती लहान नाही : आकारमान. पडद्यावर लास्कोचा बैल आणि एखादे नाणे एकाच उंचीचे होतात. लास्कोतील सर्वांत मोठा बैल पाच मीटरांहून लांब आहे. तो रंगवणाऱ्याला एका जागी उभे राहून तो पुरा करता आला नसेल, त्याला चालावे लागले असेल, चढावे लागले असेल, हे सहा इंची भ्रमणध्वनीवर कोणालाही सुचणार नाही. खोल श्वास घ्यायला लावणारी उंची, पायाखालचा थंड दगड, दालनातला आवाजाचा घुमारा, चढून आल्याचा थकवा, या सर्वांचा समजुतीशी संबंध असतो. किल्ल्याच्या बाबतीत तर तो सर्वाधिक असतो. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी राजगड किंवा साल्हेर पडद्यावर ड्रोनच्या नजरेने पाहिला तर तो सुंदर दिसतो, पण चढणारा शत्रू कोठे दमेल आणि वरचा पहारेकरी त्याला कोठे हेरील हे स्वतः धाप लागल्याशिवाय कळत नाही. किल्ला पडद्यावर आधी पाहावा, नकाशा समजून घ्यावा, परंतु त्याची भेट पायांनीच व्हावी, असे येथे निःसंकोच म्हणावे लागेल.

आकारमानाची उणीव भरून काढण्याचा एक स्वस्त उपाय शाळेच्या मैदानातच असतो. कबड्डीचे मैदान आखायला जी फक्की वापरतात तिनेच पाच मीटरांचा बैल किंवा ‘द नाइट वॉच’ची साडेचार मीटरांची चौकट मुलांनी जमिनीवर आखावी, तिच्याभोवती चालावे आणि मग वर्गात येऊन तेच चित्र पडद्यावर पाहावे. त्यानंतर ते चित्र मुलांच्या मनात पडद्याएवढे राहत नाही.

संग्रहालयभेटीचा विद्यार्थ्यांवर नेमका काय परिणाम होतो याचा एक भक्कम अभ्यास अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात झाला आहे. तेथील बेन्टनव्हिल गावी २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडले आणि शाळांच्या विनामूल्य सहलींसाठी इतकी मागणी आली की कोणाला आधी संधी द्यायची हे सोडत काढून ठरवावे लागले. संशोधक जे ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सोडतीचा उपयोग करून, १२३ शाळांतील १०,९१२ विद्यार्थ्यांत, भेट दिलेल्या व अद्याप न दिलेल्या गटांची तुलना केली. भेट दिलेल्या मुलांना चित्रांतील आशय आठवड्यांनंतरही आठवत होता, नव्या चित्राविषयी ती अधिक विचारपूर्वक लिहीत होती, आणि हा लाभ ग्रामीण व गरीब भागांतील मुलांत अधिक होता. या अभ्यासातली सर्वांत शिकण्याजोगी बाब मात्र निष्कर्षाच्या आधीची आहे : त्या भेटीत मुलांना संग्रहालयातील सगळी दालने दाखवली जात नसत, तर सुमारे एका तासात मोजकी पाचेक चित्रे दाखवून त्यांच्यावर मुलांकडूनच चर्चा करून घेतली जात असे.

याला जोडून मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहण्यासारखा आहे. संग्रहालयात विद्यार्थ्यांनी ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे घेतली, त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या; परंतु ज्यांचा एखादाच भाग जवळ आणून टिपायला सांगितले होते, त्यांच्याबाबत अशी घट झाली नाही. म्हणजे यंत्र मध्ये आले म्हणून स्मरण बिघडते असे नव्हे. यंत्रावर पाहण्याचे काम सोपवून दिले की ते बिघडते, आणि यंत्राने नजर एका जागी खिळवली की ते टिकते. आभासी भेटीला हा निष्कर्ष सरळ लागू करणे घाईचे होईल, तरी तिची आखणी कशी असावी याची दिशा त्यातून मिळते. चाळीस मिनिटांच्या तासिकेत लूव्रची बारा दालने ओलांडणारी सफर मुलांना काहीच शिकवत नाही. त्याच वेळात एकच मूर्ती पाहिली तर पुष्कळ काही शिकवता येते.

एकच वस्तू पाहायची तर प्रश्न कसे विचारावेत, याची एक चाचपून पाहिलेली पद्धत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील शिक्षणविभागाशी संबंधित फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउझन यांनी विकसित केली. तिच्यात शिक्षक तीनच गोष्टी विचारतो : चित्रात काय चालले आहे, असे कशावरून वाटते, आणि आणखी काय सापडते. दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो मुलाला आपल्या मताचा पुरावा चित्रातच शोधायला लावतो. या पद्धतीला महाग उपकरण लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक प्रक्षेपक, आधीच उतरवून ठेवलेल्या दोन-तीन सुस्पष्ट प्रतिमा आणि अंधार करायला खिडकीवर टाकलेली सतरंजी एवढे पुरते. डोळ्यांना लावायच्या आभासी चष्म्याची त्यासाठी गरज नाही, किंबहुना तो चष्मा लावलेले मूल एकटे पडते आणि शेजारच्याचे बोट कोठे आहे हे त्याला दिसत नाही, हा त्याचा शैक्षणिक दोषच मानावा लागेल.

उपकरणांच्या आणि खाजगी कंपन्यांच्या भरवशावर हे शिक्षण उभे करण्यात दुसराही धोका आहे. गुगलने पुठ्ठ्याच्या चष्म्यातून वर्गाला सफर घडवणारी एक्स्पिडिशन्स ही सेवा २०१५ मध्ये पुढे आणली, जगभरातील शिक्षकांनी तिच्यावर पाठ बेतले आणि २०२१ मध्ये ती बंद झाली. तिच्यातील काही सामग्री त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेत गेली, पण शिक्षकांनी बसवलेली घडी मोडलीच. सार्वजनिक संस्थांनी स्वतः राखलेला संग्रह म्हणूनच अधिक भरवशाचा. पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राने, संग्रहालयांच्या वस्तूंची डिजिटल नोंद ठेवण्यासाठी ‘जतन’ ही प्रणाली तयार केली आणि केंद्र सरकारच्या संग्रहालयांचे नोंदवलेले संग्रह ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर लोकांपुढे आणले. या कामाची शाळांना असलेली माहिती त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच थोडी आहे.

खऱ्या वस्तूची जवळीक मुलांपर्यंत नेण्याचा मार्गही बंद झालेला नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली आणि निवडक विषयांवरची छोटी प्रदर्शने तिच्यातून शाळांच्या दारी व गावोगावी नेली. ज्या मुलाने मोहेंजोदडोच्या मुद्रेची प्रतिकृती हातात धरून तिचा इवलासा आकार पाहिला आहे, त्याला नंतर तीच मुद्रा पडद्यावर हातभर मोठी करून दाखवली तर तो गोंधळत नाही. त्याचा अंगठा त्या मुद्रेचे माप लक्षात ठेवतो. बस आणि पडदा हे परस्परांना पूरक आहेत आणि ज्या जिल्ह्यात दोन्हींपैकी एकच शक्य असेल तेथे बस आधी पोचावी.

मराठी शाळांच्या वाटेत आज सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. जगातील उत्तमोत्तम आभासी सफरी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये बोलतात आणि अजिंठ्याच्या चित्रांविषयी इंग्रजीत जितके बारकाईचे, चित्राच्या त्या त्या भागावर बोट ठेवून केलेले विवेचन मिळते, तितके मराठीतून शाळकरी मुलांसाठी सहज मिळत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, बालभारती आणि सी-डॅक यांनी एकत्र येऊन पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांच्या सुस्पष्ट प्रतिमा, नकाशावर पाहणाऱ्याची जागा दाखवून आणि मराठी निवेदनासह, इंटरनेट नसतानाही चालतील अशा स्वरूपात प्रत्येक शाळेला विनामूल्य द्याव्यात. त्यासाठी लागणारे तंत्र, छायाचित्रे आणि अभ्यासक हे तिन्ही उपलब्ध आहेत. निर्णय तेवढा व्हायचा आहे.